"हो, आले" म्हणते, पण उठताच येत नाही

आडवा_धागा
सोमवार, रात्री ११:४०

गेल्या गुरुवारची गोष्ट. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. पहाटे यायचं ते त्या दिवशी साडेदहाला आलं. सासूबाई देवळात गेल्या होत्या, नवरा कामावर. मी घरूनच काम करते. चादरी-टॉवेलची जॅकार्डची, म्हणजे मागावर विणून उमटणारी डिझाइनं संगणकावर ग्राफमध्ये भरायची, एकेक चौकोन. काठाची वेल चालली होती. शेजारच्या काकूंनी खिडकीतून हाक मारली, "पाणी आलंय गं!" मी ऐकलं. "हो, आले" असं म्हणालेसुद्धा. हौदावरच्या नळातून हवा सुटल्याचा आवाजही ऐकला. डोक्यात स्पष्ट होतं: ऊठ, कॉक उघड. आणि हात पुढचा चौकोन भरत होता. थांबले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते आणि नळ कोरडा होता. आपल्याला तहान लागलीय, लघवीला जायचंय, हेही तेव्हाच कळलं.

सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुला सांगून उपयोग नसतो," एवढंच म्हणाल्या आणि शेजारून दोन घागरी आणायला निघाल्या. त्यांचे गुडघे दुखतात.

मला ३१व्या वर्षी पुण्यात स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं निदान झालं. आता ३४ची आहे. निदानानंतर मागच्या आयुष्यातलं बरंच काही उलगडलं, पण ही एक गोष्ट जागची हलत नाही. एका कामात गेले की तिथून दुसऱ्याकडे वळता येत नाही. उलटंही होतं. जेवण झाल्यावर ताट उचलायचं असतं, आणि हात वाळेपर्यंत मी ताटासमोर बसून असते. बाहेरून ते आळसासारखं दिसतं. आत मी स्वतःला ओरडून उठवत असते.

मुलांसाठी तक्ते, चित्रं, गाणी बरंच सापडतं. मोठ्यांनी काय करायचं? ज्यांना हे होतं त्यांना आतून कसं वाटतं? घरच्यांना कसं सांगितलंत? आणि खरोखर फरक कशाने पडला? इच्छाशक्ती वाढवण्याचा सल्ला लहानपणापासून मिळालाय, तो सोडून कृपया काहीही सांगा.

कडक_भाकरी
सोमवार, रात्री ११:५८

रुमाल टाकून ठेवते. नवऱ्याला वाचायला दिलं तर म्हणाला, "हे तू कधी लिहिलंस?" सविस्तर उद्या.

सातरस्ता
मंगळवार, सकाळी ७:१५

ताई, राग मानू नका, पण हे थोडंफार सगळ्यांनाच होतं. मी दुकानाचा हिशेब लिहायला बसलो की बायको तीनदा जेवायला बोलावते. आम्ही त्याला तंद्री म्हणतो. चौथ्या हाकेला उठतो, कारण उठावंच लागतं. प्रत्येक सवयीला आजाराचं नाव दिलं तर घर चालायचं कसं? आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय? तुम्हीच लिहिलंय म्हणून विचारतो.

रात्रपाळी
मंगळवार, सकाळी ९:०२

सातरस्ता, फरक तुमच्याच प्रतिसादात आहे. चौथ्या हाकेला तुम्ही उठता. मला चौथी ऐकू येते, दहावीही ऐकू येते, उठायची इच्छाही असते. इच्छेपासून पायापर्यंतचा रस्ता तेवढा बंद असतो.

मी सोलापूरचाच, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, आणि मीही स्वमग्न आहे. कॉलेजात असताना पुण्याहून घरी येताना अशा गाडीत बसलो जी सोलापूरच्याही पुढे जाते. हातात पुस्तक होतं. स्टेशनची पाटी दिसली, चहावाल्यांचे आवाज आले, समोरचे काका बॅगा घेऊन उतरले. आपलं गाव आलं हे मला पूर्ण माहीत होतं. गाडी सुटली. मी कलबुर्गीला उतरलो. घरी सांगितलं, झोप लागली होती. कारण झोपेला माफी असते. तेव्हापासून जमेल तेव्हा हुतात्मा एक्सप्रेसनेच येतो, ती सोलापूरलाच संपते.

निदान झाल्यावर मी यावर बरंच वाचलं, त्यातलं उपयोगी पडलेलं सांगतो. २००५ मध्ये डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी एक शोधलेख लिहिला. लॉसन स्वतः स्वमग्न आहेत. त्यांचं म्हणणं असं की लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. बहुतेकांचं लक्ष एकाच वेळी चार ठिकाणी थोडंथोडं वाटलेलं असतं: हातातलं काम, गॅसवरचं दूध, दाराची बेल, उद्याची फी. स्वमग्न माणसाचं लक्ष एका वेळी एक-दोन ठिकाणीच जातं, पण तिथे सगळंच्या सगळं जातं. याला ते मोनोट्रोपिझम म्हणतात. ताईंच्या वेलीत सगळं लक्ष होतं. नळाचा आवाज कानावर आला, पण उठायला जे लक्ष लागतं ते शिल्लकच नव्हतं.

दुसरा अभ्यास २०२१चा, मँचेस्टर विद्यापीठातला. ३२ स्वमग्न प्रौढांशी बोलून केलेला. थांबता न येणं, सुरू करता न येणं आणि एकातून दुसऱ्यात जाता न येणं या तिन्हीला मिळून तिथे इनर्शिया म्हटलंय. त्यातही हेच आलं की हे मुद्दाम होत नाही, आणि पुष्कळांना त्यातून बाहेर यायला दुसऱ्या माणसाची मदत लागते.

तो लेख वाचला त्या रात्री मी आईला फोन करून कलबुर्गीची खरी गोष्ट सांगितली. सोळा वर्षांनी.

शेंगापोळी
मंगळवार, सकाळी ९:३०

सोळा वर्षं! आई काय म्हणाल्या?

रात्रपाळी
मंगळवार, सकाळी ९:४१

म्हणाली, "तू गाडीत झोपत नाहीस हे मला माहीत होतं."

लेकुरवाळी
मंगळवार, दुपारी १:२०

माझा मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न. आडवा_धागा, तुम्ही मोठ्यांचं विचारलंय, पण मला जे समजलं ते त्याच्याकडूनच, म्हणून लिहिते.

त्याला सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजांचं, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांचं वेड आहे. सातही काढतो, क्रमाने, बाशिंगासकट. आधी मी काय करायचे, "पाच मिनिटं राहिली हं," असं स्वयंपाकघरातून ओरडायचे. पाच मिनिटं त्याला दिसतच नव्हती. मग गजराचं घड्याळ आणलं. तो वाजला की कानावर हात ठेवून किंचाळायचा. आतल्या शांततेत एकदम कुणी ताट आपटावं तसं त्याला होत असणार. चौथ्या ध्वजावर असताना एकदा मी कागद ओढून घेतला. त्यानंतरचा दीड तास मी इथे लिहिणार नाही. तो हट्ट नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. याला मेल्टडाऊन म्हणतात आणि त्यात मुलाच्या हातात काही राहिलेलं नसतं.

आता मी जाते, शेजारी बसते, आधी बघते. मग विचारते, "कितवा चाललाय?" तो म्हणतो, "पाचवा." मी म्हणते, "पाचवा पूर्ण कर. सहाव्याची नुसती काठी काढून ठेव, म्हणजे परत आल्यावर तो तिथेच उभा असेल." काठी काढतो आणि उठतो. नेहमी नाही, पण पुष्कळदा. मला वाटतं, सोडलेली गोष्ट हरवणार नाही याचा त्याला पुरावा लागतो.

शेंगापोळी
मंगळवार, दुपारी १:४४

अवांतर: मुलाला त्या यात्रेतल्या गड्ड्याच्या जत्रेला नेता का? होम मैदानावरच्या त्या गर्दीत आणि कर्ण्यांमध्ये कसं जमतं?

लेकुरवाळी
मंगळवार, दुपारी १:५२

संध्याकाळी नाही नेत. सकाळी दुकानं उघडायच्या आत जातो. मिरवणूक एका ओळखीच्यांच्या गच्चीवरून बघतो, कानाला हेडफोन. अक्षता सोहळ्याला तो गच्चीवर स्वतःच्या अक्षता टाकतो. मागच्या वर्षी मिरवणूक संपल्यावर गच्चीवरून खाली उतरायला पाऊण तास लागला. यजमानांनी चहा पाजला आणि एक शब्द बोलले नाहीत. अशी माणसं मिळायला हवीत.

ज्वारीचं_रान
मंगळवार, दुपारी ३:१०

मोनोट्रोपिझमला मराठी शब्द काय? जडत्व म्हटलं तर दगड वाटतो. तंद्री म्हटलं तर टाळी वाजवली की मोडते. ब्रह्मानंदी टाळी लागली म्हणावं, तर त्यात आनंदच आहे, ताट वाळणं नाही.

आम्ही कांद्याला पाणी देतो. पाट एकच, त्यातून एका वेळी एकाच सरीला पाणी. दुसरीला द्यायचं तर खोऱ्याने माती ओढून हे दार बंद करायचं, मग ते मोडायचं. दार न बदलता नुसतं पाण्याला "तिकडे जा" म्हणून चालत नाही. आणि दार बदललं तरी भरली सरी लगेच आटत नाही. मला तरी वाचताना हे दिसलं. शब्द म्हणून 'एकपाटी लक्ष' कसं वाटतं?

आडवा_धागा
मंगळवार, दुपारी ३:३५

एकपाटी लक्ष. मी हा शब्द ठेवून घेतला. भरली सरी लगेच आटत नाही, हे तर कुणी आजवर सांगितलंच नव्हतं. मी उठले तरी पुढचा अर्धा तास भाजी चिरताना डोळ्यांपुढे चौकोन असतात, आणि कुणी काही विचारलं की माझं उत्तर तुटक येतं. घरात सगळ्यांना वाटतं मी चिडलेय.

चष्मा
मंगळवार, संध्याकाळी ६:०५

मी मानसशास्त्राची आहे, शहरातच काम करते. चार गोष्टी जोडते.

बदल जड जाणं हे स्वमग्नतेच्या वर्णनात पहिल्यापासून आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन केलं, त्यातच सगळं जसंच्या तसं राहावं ही ओढ नोंदवली होती. २०१३च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत एका गोष्टीतून दुसरीत जाण्याची अडचण उदाहरण म्हणून दिलेली आहे. मात्र ही नोंद बाहेरून बघणाऱ्यांची आहे. 'आत मी स्वतःला ओरडून उठवत असते' असं वाक्य त्या पुस्तिकेत नाही. ते तुमच्यासारख्यांनी लिहिल्यावरच आम्हाला कळतं.

तहान आणि लघवी उशिरा कळणं हेही यातलंच. शरीराच्या आतून येणाऱ्या खुणा पुष्कळ स्वमग्न माणसांना क्षीण येतात किंवा एकदम टोकाला येतात. म्हणून पाण्याची बाटली हाताशी ठेवणं हा साधा सल्ला वाटला तरी तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

एडीएचडीतही, म्हणजे लक्ष टिकवणं जड जातं त्या अवस्थेतही, काम सुरू करणं आणि सोडणं अवघड जातं. पूर्वीच्या पुस्तिकेत दोन्ही निदानं एकत्र देता येत नव्हती, २०१३ पासून देता येतात. त्यामुळे आधी निदान झालेल्यांनी पुन्हा एकदा विचारून घ्यायला हरकत नाही. नैराश्यातही माणूस उठत नाही. या एका लक्षणावरून कुणीही स्वतःवर किंवा नवऱ्यावर शिक्का मारू नये.

आणि एक मनापासून सांगते. नेहमी चालता-बोलता येणारी व्यक्ती काही आठवड्यांत एकदम मंदावली, अर्ध्या हालचालीत गोठायला लागली, बोलणं-जेवण कमी झालं, तर हा इथला विषय समजून थांबू नका. स्वमग्न व्यक्तींमध्ये कॅटाटोनिया होऊ शकतो, त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा.

सातरस्ता, तुमचा प्रश्न चुकीचा नाही. तंद्री सगळ्यांना लागते. पाय सगळ्यांचेच कधीतरी दुखतात, म्हणून संधिवात नसतो असं होत नाही. फक्त स्वमग्नता हा आजार नाही, मेंदूची जन्मजात घडण आहे, एवढी दुरुस्ती.

जुना_माग
मंगळवार, रात्री ८:५०

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. चाळीस वर्षं मागावर काढली. घरी तेलुगू बोलतो, मराठीत चूक झाली तर सांभाळून घ्या.

ताई डिझाइन भरतात म्हणून बोलावंसं वाटलं. तुम्ही भरलेला चौकोन आमच्या मागावर उतरतो. माग मधेच कुठेही बंद करून परत चालू केला तर त्या जागी कापडावर आडवी रेघ येते. धुतल्यावर पण जात नाही. पोरं नवीन असतात तेव्हा खटकन बंद करतात. आम्ही सांगायचो, बाबा रे, धोटा कुठंय बघ, पाटी कुठंय बघ, मग हात लाव.

दुसरं. बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ. तो संपत आला की जुने धागे कापून नवा बीम चढवत नाहीत. कापले तर हजारावर धागे परत एकेक करून फणीतून ओवावे लागतात, दिवस जातो. म्हणून जुन्याची टोकं ठेवतात, नव्याची टोकं त्याला गाठीने जोडतात, धाग्याला धागा. मग माग हाताने हळूहळू फिरवून गाठी फणीतून पार करतात. गाठी पार झाल्यावरच पट्टा चालू.

तुम्हाला लांबून हाक मारली म्हणजे कापून टाकलं. जवळ येऊन विचारलं, ऐकलं, पुढचं सांगितलं, म्हणजे गाठ मारली. गाठ मारायला वेळ लागतो. पण तेवढा वेळ वाचतो पण.

माझा धाकटा भाऊ असाच होता. कांड्या भरायला, म्हणजे धोट्यातलं सूत गुंडाळायला बसला की जेवायला उठायचा नाही. वडील मारायचे. त्याला कुणी डॉक्टरला दाखवलं नाही, त्या वेळी कुठं काय होतं. मी त्याच्यापाशी जाऊन बसायचो आणि त्याच्याबरोबर दोन कांड्या भरायचो, मग तो माझ्याबरोबर उठायचा. का उठतो ते मला माहीत नव्हतं. आज कळलं.

लेकुरवाळी
मंगळवार, रात्री ९:१२

काका, तुमच्या भावाला दोन कांड्यांची सोबत मिळाली. माझ्या मुलाला अशी भावंडं नाहीत. हे वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही.

कडक_भाकरी
मंगळवार, रात्री १०:३०

काल रुमाल टाकला होता. मी ४२, निदान दोन वर्षांपूर्वीचं. आडवा_धागा, तुमच्या तिन्ही प्रश्नांची माझी उत्तरं.

आतून कसं वाटतं: स्वप्नात पळायचं असतं आणि पाय उचलत नाहीत, तसं. फक्त डोळे उघडे आणि घड्याळ समोर. मजेत बुडालेलं असताना ते जाणवत नाही. उठायचं आहे हे कळल्यावर जाणवतं, आणि कळलेला प्रत्येक मिनिट अपराध वाटतो. अपराध वाढला की आणखी घट्ट होतं. माझ्या एका जुन्या नोकरीत साहेबांनी शेऱ्यात 'सूचनांकडे दुर्लक्ष' असं लिहिलं होतं. मी सूचना शब्दशः पाठ म्हणून दाखवू शकले असते.

घरच्यांना कसं सांगितलं: भांडण चालू असताना सांगितलेलं काहीच पोचलं नाही. एका रविवारी सकाळी, काही बिघडलेलं नसताना, कागदावर लिहून दिलं. त्यात एक ओळ होती: "मी 'हो' म्हणाले म्हणजे ऐकलं. उठले असा त्याचा अर्थ नाही. मी उभी राहिलेली दिसले तरच काम झालं समजा." या एका ओळीने आमच्या घरातली निम्मी भांडणं गेली. नवरा माझ्या 'हो'वर विसंबून पुढे निघून जायचा आणि मग फसवल्यासारखं त्याला वाटायचं. तेही खरंच होतं.

फरक कशाने पडला:

शरीर आधी हलवायचं, कामाचं नाव नंतर घ्यायचं. 'उठून पोळ्या कर' हे माझ्या मेंदूला एक काम नाही, वीस आहेत. पायाची बोटं हलवणं हे एक आहे. बोटं, मग टाच, मग खुर्ची मागे. बोटं हलली की बहुतेकदा बाकीचं येतं.

चिठ्ठी. कुठे थांबले आणि पुढची पहिली हालचाल कोणती, एवढंच. लेकुरवाळींच्या मुलाची सहावी काठी वाचली आणि माझी चिठ्ठी आठवली, तेच आहे ते.

सोबत. जेवणानंतर नवरा काही बोलत नाही, स्वतःचं ताट उचलतो आणि माझ्या शेजारी उभा राहतो. मी त्याच्याबरोबर उठते. सांगितल्याने नाही उठत, बरोबरीने उठते. जुना_माग काकांनी तीच गोष्ट लिहिली आहे.

खांद्यावर हात ठेवणं मला चालतं. पुष्कळ स्वमग्न लोकांना अचानक स्पर्श चालत नाही, तेव्हा आधी विचारून ठेवा.

जे नाही चाललं: मोबाईलचे गजर. तीन लावले की तिन्ही बंद करायची माझ्या बोटाला सवय लागते, मला कळायच्या आत.

विठूचा_बाप
मंगळवार, रात्री ११:०५

'हो म्हणजे ऐकलं, उठलो नाही.' ही ओळ आमच्या फ्रिजवर लागली आहे. धागा वाचनखुणेत.

सातरस्ता
बुधवार, सकाळी ७:३०

सगळं वाचलं. चष्मा ताई, संधिवाताचं पटलं. जुना_माग, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं.

पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे आणि तो मी मागे घेत नाही. सगळे म्हणता, जवळ जा, बसा, विचारा, सोबत उभे राहा. हे कोण करणार? घरातली एखादी बाई. बहुतेक वेळा तीच जिचे गुडघे दुखतात. तिला गाठ मारायला कोण येतं?

आडवा_धागा
बुधवार, सकाळी ८:१५

सातरस्ता दादा, काल तुमचा पहिला प्रतिसाद वाचला तेव्हा मला लागला होता. आजचा नाही लागला. तुम्ही बरोबर बोट ठेवलंत.

गुरुवारी घागरी मी आणल्या नाहीत, त्यांनी आणल्या. माझ्या मेंदूची घडण हे त्याचं कारण आहे, पण त्यामुळे त्यांच्या गुडघ्यांवरचं वजन कमी झालं नाही. मी मदत मागते तेव्हा ती कुणाच्या दिवसातून कापून घेते हे मलाच बघायला हवं. सासूबाईंना सकाळची दोन तास उसंत असते, देवळातली. त्यातूनही मी घेतलं तर त्यांना काय उरतं?

पण घरात मी काय देते तेही मांडते, रागाने नाही. दर महिन्याचं किराणा आणि लाइटबिल या डिझाइनांवर चालतं. जी वेल सोडता येत नाही तीच वेल मी चार तासांत भरते, इतरांना दोन दिवस लागतात. हे दोन्ही एकाच पाटातलं पाणी आहे. मला पाट बुजवायचा नाही. दार कुणी आणि कसं बदलायचं एवढंच ठरवायचंय.

नळदुरुस्ती
बुधवार, सकाळी ८:४०

ताई, मी सगळा धागा वाचला, एक प्रश्न पडला. हौद जमिनीत आहे का? असेल तर त्यात फ्लोटचा कॉक बसवा. मेन कॉक कायम उघडा ठेवायचा. पाणी पहाटे येवो नाहीतर दुपारी, हौद आपोआप भरेल. भरला की गोळा वर येतो आणि कॉक बंद. वरच्या टाकीची मोटर मग तुम्ही तुमच्या सवडीने लावा, तिला वेळेचं बंधन नाही. कुणी उठायलाच नको.

रात्रपाळी
बुधवार, सकाळी ८:४६

हीच ती हुतात्मा एक्सप्रेस.

चष्मा
बुधवार, सकाळी ९:२०

नळदुरुस्ती, तुम्ही आमच्या क्षेत्रातलं फार मोलाचं सांगितलंत. माणूस बदलण्याआधी काम बदलता येतं का ते बघायचं. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये स्वमग्नता आहे, आणि व्यक्तीच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देण्याची कल्पनाही त्यातच आहे. नोकरीत असणाऱ्यांनी ती मागावी. मधल्या सुट्टीआधी कुणी टेबलापाशी येऊन सांगणं, दोन बैठकांमध्ये पंधरा मिनिटं मोकळी असणं, सूचना तोंडी न देता लिहून देणं, याला खर्च काहीच नसतो.

शेंगापोळी
बुधवार, सकाळी ९:५५

आमच्या ऑफिसातला एकजण मधल्या सुट्टीत कधीच जागचा उठत नाही. आम्ही त्याला शिष्ट म्हणायचो. आज त्याच्याकडे डबा घेऊन जाते, त्याच्या टेबलापाशीच बसते.

सातरस्ता
बुधवार, रात्री ९:४०

बायकोला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "चौथ्या हाकेला उठता ते खरं, पण तीन हाका मारायला मला भाकरी तव्यावर सोडून यावं लागतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उद्यापासून साडेआठला वही मिटायची ठरवलीय. मला मिटता येते, हे मला आता वेगळं दिसतंय.

आडवा_धागा
सोमवार, दुपारी २:१५

मधे लिहिलं नाही कारण एक मोठी ऑर्डर होती. आता सगळं सांगते.

रविवारी दुपारी, चहा झाल्यावर, सासूबाईंशी बोलले. कडक_भाकरींसारखं लिहूनच नेलं होतं. त्यांना चष्मा सापडत नव्हता म्हणून मीच वाचून दाखवलं. 'हो म्हणजे ऐकलं, उठले नाही' यावर त्या थांबल्या. म्हणाल्या, "म्हणजे तू मला टाळत नव्हतीस?" तीन वर्षं त्यांना असं वाटत होतं की सूनबाई तोंडावर हो म्हणते आणि करत नाही, म्हणजे आपल्याला मोजत नाही. मला हे माहीतच नव्हतं. मी पाण्याचा हिशेब करत होते आणि त्या मानाचा.

मग मी त्यांना जुना_माग काकांचं वाचून दाखवलं. त्यांचे वडील मागावरच होते. कापडावरची आडवी रेघ त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

फ्लोटचा कॉक शनिवारीच बसला होता. आज पाणी सव्वाअकराला आलं. हौद आपोआप भरायला लागला, मी वेलीतच होते. पण पिण्याचं पाणी आम्ही ताज्या नळाचं भरतो, ते हौदाचं चालत नाही, त्यासाठी उठायलाच हवं होतं. सासूबाई आत आल्या. हाक मारली नाही. स्टूल ओढून बसल्या. थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कुठवर आलं?" मी म्हणाले, "तिसरं पान, देठ राहिलाय." त्या म्हणाल्या, "देठ कर." केला. चिठ्ठीवर लिहिलं: चौथं पान, मोरपंखी, ओळ ११२. मग पायाची बोटं हलवली. त्या स्टुलावरून उठायला लागल्या, त्यांना आधार लागतो म्हणून हात पुढे केला, आणि त्यांच्याबरोबर मी उभी होते.

दोन कळश्या आणि एक पिंप भरलं. दुसरं पिंप राहिलं, तोवर धार बारीक झाली. परत येऊन बसले तर चौथ्या पानाचा रंग जिथे सोडला तिथेच होता.

सातरस्ता दादा, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून नाही. आज त्या स्टुलावर बसल्या ते त्यांच्याच वेळातून. सध्या असं ठरवलंय की पाण्याच्या दिवशी त्यांची दुपारची भांडी माझ्याकडे. ती मला जेवण झाल्या झाल्या जमणार नाहीत, चारला जमतील. त्यांना चार चालतात.

जुना_माग
सोमवार, दुपारी ३:००

मोरपंखी कशावर? चादर का टॉवेल?

आडवा_धागा
सोमवार, दुपारी ४:४५

चादर, काका. डबल बेडची. भांडी घासून आत्ताच बसले.